टोकन देण्यापूर्वी

पुणे, रविवार

प्रिय मित्रा,

सप्रेम नमस्कार.

तुझे पत्र मिळाले. ठाण्यातला तो फ्लॅट तुम्हा सर्वांच्या मनात भरला आहे, लिफ्ट असल्यामुळे काकूंना पुन्हा रोज देवळात जाता येईल आणि मालक आठवड्याभरात टोकन मागतो आहे, हे वाचून आनंद झाला आणि काळजीही वाटली. डोंबिवलीची जागा विकण्याआधी नवी घ्यावी का, असे तू विचारतोस. माझे मत आधीच सांगून टाकतो : जुन्या जागेला पक्के गिऱ्हाईक मिळेपर्यंत नव्या जागेच्या करारावर सही करू नकोस.

२०१९ मध्ये आम्ही कोथरूडची जागा हातात ठेवून वारज्याचा फ्लॅट घेतला, तेव्हा कोथरूडची जागा दोन महिन्यांत जाईल असे जो तो म्हणत होता आणि मलाही तसेच वाटत होते. पहिल्या गिऱ्हाइकाने एक लाखाचा विसार दिला, सोसायटीचे ना हरकत पत्रही झाले, आणि मग त्याच्या बँकेच्या वकिलाने इमारतीचे भोगवटा पत्र, म्हणजे इमारत राहण्यास योग्य असल्याचा महापालिकेचा दाखला, मागितले. आमच्या इमारतीला ते कधी मिळालेलेच नव्हते. इतकी वर्षे त्या घरात राहून मला ही गोष्ट ठाऊक नव्हती. त्याचे कर्ज नामंजूर झाले, विसार परत करावा लागला आणि आमचे तीन महिने वाया गेले.

त्यानंतर दर रविवारी सकाळी मी रिकाम्या घराचे कुलूप काढायला जात असे. खिडक्या उघडायच्या, गॅलरीतली कबुतरांची घाण धुवायची, फरशी पुसायची आणि एजंटाच्या फोनची वाट पाहत उरलेल्या एकुलत्या प्लॅस्टिकच्या खुर्चीवर बसून राहायचे. स्वयंपाकघराच्या भिंतीवर आईने दुधाचा हिशेब मांडलेले जुने कॅलेंडर तसेच होते. ते काढायला हात धजत नव्हता. दोन्हीकडचा मेंटेनन्स आणि वर नव्या कर्जाचा हप्ता भरता भरता आधी ठेवी मोडल्या, मग हिच्या पाटल्या गहाण पडल्या. घरी परतलो की आई विचारायची, "आज कोणी येऊन गेलं का रे?"

खरा फास मात्र मुदतीचा होता, आणि तुला हे पत्र लिहिण्याचे मुख्य कारण तेच आहे. राहते घर विकून झालेल्या नफ्यावरचा कर, नवे घर घेतल्यास, ज्या सवलतीने वाचतो (सगळे तिला कलम ५४ म्हणून ओळखतात), तिच्यात नवे घर विक्रीच्या आधी एक वर्षात किंवा विक्रीनंतर दोन वर्षांत घेतलेले असावे लागते. म्हणजे आधी विकणाऱ्याला खरेदीसाठी दोन वर्षे मिळतात. आधी खरेदी करणाऱ्याला विकण्यासाठी एकच. आधी विकलेस आणि प्राप्तिकर विवरणपत्राच्या मुदतीपर्यंत घर ठरले नाही, तर नफ्याची रक्कम बँकेतल्या कॅपिटल गेन्स खात्यात ठेवता येते. उलट बाजूला अशी सोय नाही. अकराव्या महिन्यात कर्ज न काढता घेणारे एक गृहस्थ आले, माझी निकड त्यांनी ओळखली आणि ठरवलेल्या भावापेक्षा सहा लाख कमी घेऊन मी सही केली.

आता तुझे आकडे पाहू. १ कोटी ३० लाखांच्या घरावर बँक ७५ टक्क्यांपर्यंत, म्हणजे फार तर साडेसत्याण्णव लाख देईल. ठाण्यात सात टक्के मुद्रांक शुल्काचे ९ लाख १० हजार आणि नोंदणीचे ३० हजार त्या कर्जात बसत नाहीत. तेव्हा जुन्या जागेचा एक रुपयाही हाती येण्यापूर्वी तुला सुमारे ४२ लाख स्वतःचे उभे करावे लागतील, आणि साडेआठ टक्क्यांनी वीस वर्षांसाठी हप्ता साडेचौऱ्याऐंशी हजारांच्या आसपास बसेल. वहिनींच्या एकटीच्या नावावर घेतल्यास मुद्रांक शुल्कात एक टक्का सुटतो हे खरे. पण जागा तुझ्या नावावरची विकून घर त्यांच्या नावावर घेतलेस तर कलम ५४ च्या सवलतीवरून वाद निघू शकतो, म्हणून सीएला विचारल्याशिवाय तो मोह धरू नकोस.

काकूंना दोनदा घर हलवायला लावणे मलाही पटत नाही. त्यासाठी विक्रीच्या करारातच ताबा चार महिन्यांनी देण्याची अट घाल; भाव रास्त असेल तर पुष्कळ गिऱ्हाइके ती मान्य करतात. मात्र गिऱ्हाइकाच्या बँकेचे मंजुरीपत्र पाहिल्याखेरीज विसार घेऊन निर्धास्त होऊ नकोस. ठाण्याच्या मालकाला तेवढे दिवस थांबायला सांग. टोकन द्यावेच लागले, तर तुझी जागा अमुक तारखेपर्यंत विकली न गेल्यास ते पूर्ण परत मिळेल, असे लिहून घे. तो लिहून देत नसेल तर ते घर सोड, मग वहिनींना कितीही आवडलेले असो.

या आठवड्यात एवढे कर : महापालिकेकडून इमारतीचे भोगवटा पत्र आहे का ते पाहा, सोसायटीच्या शेअर सर्टिफिकेटवर काकांच्या जागी तुझे नाव चढले आहे का ते पाहा, आणि ताईने जागेवरचा वाटा सोडल्याचे हक्कसोडपत्र नोंदवलेले नसेल तर ते आधी उरकून घे. मी शनिवारी सकाळच्या गाडीने येतो. फाइल काढून ठेव. दुपारी दोघे मिळून एकेक कागद पाहू, आणि मालकाला काय कळवायचे ते त्यानंतरच ठरवू.

काकूंना साष्टांग नमस्कार, वहिनींना नमस्कार, मुलांना अनेक आशीर्वाद.

तुझाच,
पुण्याचा मित्र