सुटकेनंतरचा पहिला पंधरवडा

प्रिय दोस्ता,

पत्र मिळालं. तुझा धाकटा भाऊ पुढच्या महिन्यात तुरुंगातून सुटतोय, हे वाचून बरं वाटलं. पण त्याच्या गर्दच्या, म्हणजे हेरॉइनच्या, व्यसनाबद्दल पुढे तू लिहिलंयस, "सव्वा वर्ष आत होता, गर्दला हात लावला नाही, म्हणजे व्यसन आपोआप सुटलंच की." या एका वाक्यासाठी इतकं लांब पत्र लिहायला बसलोय.

त्याने आत खरंच काही घेतलं नसेल असं धरू. (आतही माल पोचतो, तेव्हा हेही एकदा सरळ विचारून घे.) तर सुटलीय ती शरीराची सवय. रोज घेणाऱ्याचं शरीर वाढत्या मापाला सरावत जातं, आणि बंद झालं की तो सराव काही दिवसांत, फार तर काही आठवड्यांत उतरतो. डोक्याला मात्र जुनं माप पाठ असतं. बाहेर आल्यावर एखाद्या संध्याकाळी माणूस त्याच मापाने घेतो, मेंदूच्या तळाशी श्वास चालवणारं केंद्र मंदावतं, आणि श्वास थांबतो. अमेरिकेतल्या वॉशिंग्टन राज्याच्या तुरुंगांमधून १९९९ ते २००३ या काळात सुटलेल्या तीस हजारांवर लोकांचा अभ्यास २००७ साली प्रसिद्ध झाला. सुटकेनंतरच्या पहिल्या दोन आठवड्यांत ओव्हरडोसने मरण्याचा त्यांचा धोका सर्वसाधारण लोकांच्या १२९ पट निघाला. टक्के नव्हे, पट. नोकरी, लग्न, 'आता सुधार' ही सगळी बोलणी त्यामुळे दोन आठवडे बाजूला ठेव. हा पंधरवडा तो जिवंत पार करणं, एवढंच काम.

त्याची तयारी सुटकेच्या आधी होते. आतल्या दवाखान्यातून त्याचा औषधांचा कागद मागून घे: औषधाचं नाव, डोस, शेवटचा डोस कधी दिला. त्याला आत ब्युप्रेनॉर्फिन किंवा मेथाडोन (गर्दच्या जागी डॉक्टर देतात ती, तलफ दाबणारी औषधं) चालू असेल तर आतला शेवटचा डोस आणि बाहेरचा पहिला डोस यांच्यामध्ये दिवस रिकामा जाता कामा नये. सगळं तिथेच फसतं. सुटका संध्याकाळी होते, दुसऱ्या दिवशी सुट्टी, दवाखाना बंद, तिसऱ्या दिवशी टर्की (माल बंद झाल्यावर अंगाला होणारा त्रास) लागलेली असते आणि जुना नंबर पाठ असतो. म्हणून डॉक्टरांची वेळ आजच घे, सुटकेच्या दिवसाची किंवा फार तर दुसऱ्या दिवशी सकाळची. मधल्या दिवसांचा डोस हातात देतात का, हेही आधीच विचार.

आत औषध चालू नसेल तरी डॉक्टरांकडे जायचंच. काही महिने पूर्ण कोरा असलेल्या माणसाला नाल्ट्रेक्सोन देता येतं. त्यासाठी अफूवर्गातलं काहीही घेऊन किमान ७ ते १० दिवस उलटलेले लागतात. गोळी रोज ५० मिलिग्रॅमची, इंजेक्शन महिन्यातून एकदा ३८० मिलिग्रॅमचं. मेंदूतल्या ज्या जागी गर्द बसते ती जागाच ते अडवून ठेवतं. गोम अशी की गोळी बंद केली की अडसर जातो आणि सराव तर शून्यावर असतो, म्हणजे धोका पुन्हा पहिल्या दिवसाइतका. दुसरा पर्याय ब्युप्रेनॉर्फिन. तेही अशा माणसाला अगदी कमी डोसपासून सुरू करतात. काय द्यायचं ते डॉक्टर आणि तो मिळून ठरवतील, तू नाही.

ब्युप्रेनॉर्फिन ठरलं तर गोळी घ्यायची पद्धत मात्र तू नीट समजून घे, कारण "औषध लागूच पडत नाही" ही तक्रार पुष्कळदा चुकीच्या पद्धतीने घेतल्यामुळे येते. आधी घोटभर पाणी पिऊन तोंड ओलं करायचं. गोळी जिभेखाली ठेवायची आणि पूर्ण विरघळेपर्यंत, म्हणजे पाच-दहा मिनिटं, बोलायचं नाही, चघळायचं नाही, लाळ गिळायची नाही. गिळलेली गोळी यकृतातच बरीचशी निकामी होते. विरघळल्यावर पाण्याने चूळ हलकेच फिरवून गिळायची आणि ब्रश तासाभराने करायचा, नाहीतर दात झिजतात.

आता तुझ्या आईंचा प्रश्न येईल: "एक नशा सोडून दुसरी कशाला?" त्यांना सांग, ब्युप्रेनॉर्फिनचा परिणाम एका मर्यादेपुढे चढत नाही, ठरल्या डोसवर माणूस झिंगत नाही, कामावर जातो, आणि तलफ दबलेली राहते. मेथाडोन आणि ब्युप्रेनॉर्फिन दोन्ही २००५ पासून जागतिक आरोग्य संघटनेच्या अत्यावश्यक औषधांच्या यादीत आहेत. अमेरिकेतल्या ऱ्होड आयलंड राज्याने २०१६ साली आपल्या तुरुंगांत ही दोन्ही आणि नाल्ट्रेक्सोन अशी तिन्ही औषधं द्यायला आणि बाहेर आल्यावर पुढे चालू ठेवायला सुरुवात केली. अलीकडेच सुटून ओव्हरडोसने गेलेले लोक २०१६ च्या पहिल्या सहामाहीत २६ होते, २०१७ च्या पहिल्या सहामाहीत ९. आईंना आकडे पटोत न पटोत, गोळ्या दडवून ठेवू देऊ नकोस.

घरात नॅलॉक्सोन, म्हणजे ओव्हरडोस उतरवणारं औषध, हवंच. नाकात मारायचा स्प्रे मिळाला तर उत्तम, नाहीतर इंजेक्शन, पण ते द्यायचं कसं हे डॉक्टरांकडून करून बघून शीक. स्कॉटलंडमध्ये २०११ पासून सुटणाऱ्या कैद्याच्या हातातच ते दिलं जातं. ओव्हरडोस ओळखायचा कसा? घरच्यांचा घात होतो तो घोरण्यामुळे. "गाढ झोपलाय, घोरतोय, झोपू दे," असं म्हणून दार लोटून घेतात. ते घोरणं नेहमीचं नसतं. घशात पाणी अडकल्यासारखी घुरघुर असते, मध्येच लांब खंड पडतो. ओठ आणि नखं निळसर किंवा राखाडी, बाहुल्या टाचणीच्या टोकाएवढ्या. हाक मार, छातीच्या मधल्या हाडावर मुठीच्या उंचवट्यांनी जोरात घास. जागा झाला नाही तर आधी ॲम्ब्युलन्सला फोन, मग एका नाकपुडीत स्प्रे. आधी दाबून बघायचा नाही, त्यात एकच फवारा असतो आणि पुष्कळ जण तो हवेत घालवतात. श्वास नसेल तर डोकं मागे झुकवून, नाक चिमटीत धरून, दर पाच सेकंदांना एक श्वास तोंडाने दे. दोन-तीन मिनिटांत फरक नाही पडला तर दुसरा स्प्रे दुसऱ्या नाकपुडीत. श्वास सुरू झाला की कुशीवर वळव, उलटी झाली तर घशात जाणार नाही. गार पाणी ओतणं, थपडा मारणं, उभं करून चालवणं यातलं काही करायचं नाही.

शुद्धीवर येताच तो चिडेल, अंग थरथरेल, "माझी वाट लावलीस" म्हणेल. ती अचानक लागलेली टर्की असते, मनाला लावून घेऊ नकोस. आणि त्याला एकटा सोडू नकोस. नॅलॉक्सोनचा जोर अर्ध्या ते दीड तासात ओसरतो, गर्द त्यानंतरही अंगात असू शकते, आणि श्वास पुन्हा बुडू शकतो.

हे सगळं त्यालाही सांग, तोंडावर, एकदाच: घेतलीसच तर जुन्या मापाने नाही, एकट्याने नाही, दाराला आतून कडी नाही, आणि दारू किंवा झोपेच्या गोळ्यांबरोबर तर मुळीच नाही, कारण ही तिन्ही मिळून श्वास दाबतात. असं सांगणं म्हणजे परवानगी देणं, असं तुला वाटेल. मला तसं वाटत नाही. आणि श्वास दबतो म्हणूनच 'नुसती बिअर' हीसुद्धा नको.

आता घरात काय दिसेल ते. आत असताना उठायचं कधी, जेवायचं कधी, दिवा कधी मालवायचा, सगळं घंटेवर. बाहेर आलेला माणूस बंद दारापाशी उगाच उभा राहतो, कुणीतरी उघडेल म्हणून. भराभर जेवतो. अंधारात किंवा फार शांततेत झोप येत नाही. दुकानात दहा प्रकारचे साबण बघून घामाघूम होतो. याला आळस किंवा माज समजू नका. पहिले काही दिवस कागदावर लिहून द्या: उठणं, डॉक्टर, हजेरी (सुटकेच्या अटीप्रमाणे अधिकाऱ्यापुढची), जेवण, व्यसन सोडणाऱ्यांची मीटिंग, झोप. मग एकेक रकाना त्याला भरू दे.

यापेक्षा खोल अडचण बोलण्याची आहे. आत कमजोरी दाखवली की माणूस लुटला जातो, म्हणून तो तोंड मिटायला शिकलेला असतो. भीती नाही, रडणं नाही, कुणाचं नाव घेणं नाही. आणि व्यसनातून उठण्याचं सगळं काम याच्या नेमकं उलट चालतं. तलफ आली की दुसऱ्याला सांगायची, घसरलो तर त्याच दिवशी बोलायचं. नार्कोटिक्स ॲनॉनिमस या, व्यसन सोडणाऱ्यांनीच चालवलेल्या गटाच्या मीटिंगमध्ये तो पहिले सहा-सात वेळा मागच्या खुर्चीत हाताची घडी घालून बसेल. बसू दे. तिथे आत जाऊन आलेले लोक असतात, त्यांतला एखादा त्याला स्पॉन्सर, म्हणजे वाट दाखवणारा जुना सोबती, म्हणून चालेल. तू भाऊ आहेस, ते काम तुझं नाही. तुझ्यासाठी घरच्यांच्या वेगळ्या मीटिंगा असतात, तिकडे तू आणि वहिनी जा.

तलफ साधारण पंधरा ते तीस मिनिटांत चढते आणि उतरते. तेवढा वेळ त्याने जागा बदलावी, फोन लावावा, चालत सुटावं. भूक, राग, एकटेपणा, थकवा या चारांपैकी काय आहे ते आधी विचारा. पुष्कळदा जेवण आणि झोप यानेच निम्मी उतरते. पहिल्या पगाराचा दिवस मात्र वेगळा धरा. रोख रक्कम हातात आणि संध्याकाळ मोकळी, असं त्या दिवशी होऊ देऊ नका. झोप कित्येक आठवडे नीट लागणार नाही, कशातच गोडी वाटणार नाही. हे काही महिने चालतं आणि हळूहळू ओसरतं. घरातल्या कुणाच्या झोपेच्या गोळ्या त्याला देऊ नका. त्या कुलपात ठेवा.

खिसे तपासणं बंद कर. त्यापेक्षा लघवीची तपासणी कधी, कुणासमोर, आणि पॉझिटिव्ह आली तर पुढे काय, हे त्याच्याशी आधी ठरवून घे. लघवी तपासायची साधी अफूची पट्टी ब्युप्रेनॉर्फिन, मेथाडोन किंवा फेंटॅनिल (अफूवर्गातलंच एक फार जहाल रसायन) दाखवत नाही, त्यांच्या पट्ट्या वेगळ्या. सर्दीच्या काही औषधांतल्या स्युडोएफेड्रिनमुळे ॲम्फेटामिन या उत्तेजक नशेची पट्टी खोटी पॉझिटिव्ह येऊ शकते. तेव्हा पट्टीवरून भांडण काढायच्या आधी लॅबमधून पक्कं करून घ्या. हजेरीच्या अधिकाऱ्यालाही डॉक्टरांचं पत्र आधीच द्या, म्हणजे चालू औषधाचा घोळ होणार नाही आणि दवाखान्याची वेळ हजेरीवर आदळणार नाही. त्याच फेरीत हिपॅटायटिस सी, एचआयव्ही आणि क्षयाची तपासणी उरकून टाका. हिपॅटायटिस सी आता ८ ते १२ आठवड्यांच्या गोळ्यांनी बहुतेकांचा पूर्ण बरा होतो.

आणि घसरला तर? एकदा घेतल्यावर "आता सगळंच गेलं" या विचाराने माणूस दुसऱ्यांदा घेतो. त्या रात्री तू "बघ, मला माहीतच होतं" म्हणालास की तो विचार पक्का होतो. रात्री फक्त श्वासावर लक्ष ठेव. सकाळी डॉक्टर, संध्याकाळी मीटिंग. काय, कुठे, कोणाबरोबर हे तिसऱ्या दिवशी विचार.

स्प्रे घेताना मुदतीची तारीख बघ, दोन घे, आणि उन्हात तापणाऱ्या गाडीत ठेवू नकोस. कुठे ठेवलाय ते घरातल्या प्रत्येकाला माहीत हवं, धाकट्यालाही. डॉक्टरांची वेळ मिळाली की लगेच कळव.

तुझाच