रेमोच्या आवाजामागचे चार ट्रॅक

महोदय,

आपल्या रविवार पुरवणीत गोव्याचे गायक-संगीतकार रेमो फर्नांडिस यांच्यावर आलेल्या लेखात बीटल्स, रॉक अँड रोल आणि मांडो (गोव्यातला कोंकणी गीतप्रकार) असे प्रभाव सांगितले आहेत. ते बरोबरच आहेत, पण त्यांची 'गोवन क्रेझी' ही कॅसेट कानाला तशी का लागते, हे त्यावरून कळत नाही. मुंबईच्या कंपन्यांनी नकार दिल्यावर १९८४ साली गोव्यातल्या शिवोलीच्या घरात, चार ट्रॅकच्या (एकाच टेपवर चार वेगळे आवाज शेजारी-शेजारी भरता येणाऱ्या) कॅसेट रेकॉर्डरवर ती झाली. वाद्ये सगळी त्यांचीच, गळाही त्यांचाच. विकायलाही स्कूटरवरून तेच हिंडले.

अशा यंत्रावर अख्खा बँड बसवायचा तर 'बाउन्स' करावे लागते. तीन ट्रॅक भरायचे, त्यांचे मिश्रण चौथ्यावर उतरवायचे आणि उतरवतानाच आणखी एक वाद्य वाजवून घ्यायचे. मग ते तीन मोकळे. पुढच्या फेरीत दोन ट्रॅक तिसऱ्यावर, मग एक दुसऱ्यावर. अशा रीतीने कुठलाही भाग दुसऱ्यांदा न उतरवता ४+३+२+१ म्हणजे दहा भाग बसतात. प्रत्येक उतरवणीत टेपची सळसळ वाढते आणि आवाजाची धार बोथट होते, म्हणून ताल आणि बास आधी, मुख्य गायन आणि बासरी शेवटी घेणे शहाणपणाचे. मूळ ट्रॅक पुसल्यावर बास कमी पडला असे वाटले तरी इलाज नाही. सगळी मांडणी आधीच डोक्यात पक्की हवी. जे. जे.मध्ये वास्तुकला शिकलेल्या माणसाला ते जड गेले नसावे, हा आमचा आपला तर्क.

मांडोत दुसरा आवाज पहिल्यापासून तिसऱ्या किंवा सहाव्या स्वरावर समांतर चालतो. दोन्ही आवाज एकाच गळ्यातून आले की शब्दफेक आणि कंप इतके जुळतात की दोन गायकांत असणारी सैल फट उरतच नाही. बीटल्सही आवाजावर आवाज चढवत. दोन्ही परंपरा इथे एका तंत्रात भेटल्या. त्याला नुसते 'फ्यूजन' म्हणून मोकळे होणे आम्हाला आळसाचे वाटते.

एक विनंती. या कॅसेट अनेक घरांत आहेत आणि लोक त्या संगणकावर घेऊ लागले आहेत. आधी टेप एकदा पुढे-मागे पूर्ण गुंडाळावी, प्लेअरचे हेड (टेप वाचणारा भाग) आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसावे. हेडचा कोन जुळवणारा स्क्रू, मोनोमध्ये (डावा-उजवा आवाज एकत्र करून) ऐकत, आवाज सर्वांत टोकदार होईपर्यंत हलकेच फिरवावा. कोन चुकला की आधी 'स' आणि 'श' मरतात. कॅसेटच्या आतली स्पंजची गादी गळून पडली असेल तर टेप स्क्रूने उघडणाऱ्या नव्या कॅसेटच्या खोक्यात घालावी. संगणकावर घेताना आवाजाची पातळी उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नये. आणि सळसळ घालवणारे सॉफ्टवेअर मूळ प्रतीवर मुळीच चालवू नये. ते बासरीतली फुंकरही खाऊन टाकते. सफाई करायचीच, तर दुसऱ्या प्रतीवर.

ध्वनिमुद्रण क्षेत्रातील काही वाचक,
म्हापसा