ऑटोबानवरच्या गाडीबद्दल आईच्या काळजीस उत्तर

बॉन, जर्मनी

ती. आई-बाबांस,
शिरसाष्टांग नमस्कार.

येथे सर्व क्षेम आहे. रोजचे बोलणे फोनवर होतेच, त्यामुळे ऑफिस, जेवण आणि थंडी यांबद्दल पुन्हा लिहीत नाही. आईला कोणीतरी नूरबर्गरिंग या येथील मोटार शर्यतींच्या मार्गावरच्या अपघातांचे व्हिडिओ दाखवले आणि तेव्हापासून मी गाडी घेऊन बाहेर निघालो म्हटले की तिचा आवाज बदलतो. फोनवर मला हे नीट समजावता येत नाही, म्हणून सविस्तर लिहितो.

आई, ऑटोबानवर, म्हणजे येथील महामार्गावर, वेगाला मर्यादाच नाही, हे अर्धेच खरे आहे. शहरांजवळ आणि रस्त्याची कामे चालू असतील तेथे मर्यादेचे फलक असतात. जेथे ते नाहीत तेथेही ताशी 130 किलोमीटरची शिफारस आहे, आणि ती ओलांडलेली असताना अपघात झाला तर चूक दुसऱ्याची असली तरी नुकसानीचा काही भार आपल्यावर येऊ शकतो. मी बहुतेक वेळा त्याच वेगाच्या आत असतो. मला खरोखर आवडते ती येथील लेनची शिस्त: उजवी लेन मोकळी असेल तर तिच्यातूनच जायचे, डावीकडून पुढे काढायचे आणि लगेच परत उजवीकडे यायचे. चाकणला नोकरीस असताना एक्सप्रेसवेवर ताशी 100 ची मर्यादा असूनही मला जी धास्ती वाटे, ती येथे वाटत नाही, कारण समोरचा आता काय करील याचा अंदाज येथे सहसा चुकत नाही.

बाबा, येथील एक पद्धत तुम्हाला मुद्दाम सांगायची आहे, कारण ती प्रथम पाहिली तेव्हा मला काहीच उमगले नव्हते. ऑटोबानवर वाहतूक तुंबून गाड्या पायी चालण्याच्या गतीवर आल्या की, सायरन ऐकू येण्याची वाट न पाहता, सगळे आपापल्या गाड्या बाजूला घेऊ लागतात. तुमचा उजवा हात तळवा खाली करून टेबलावर ठेवा आणि अंगठा बाजूला ताणा. अंगठा म्हणजे सर्वांत डावीकडची लेन आणि चार बोटे म्हणजे तिच्या उजवीकडच्या साऱ्या लेन. लेन दोन असोत वा चार, अंगठ्यावरच्या गाड्यांनी डावीकडे सरायचे आणि बोटांवरच्यांनी उजवीकडे. मधली फट रुग्णवाहिकेची. एक रुग्णवाहिका निघून गेली म्हणून ती फट मिटवायची नाही, कारण मागून पोलीस, अग्निशामक दल किंवा क्रेन यायची असते. जो वाट ठेवत नाही त्याला किमान 200 युरो दंड, परवान्याच्या नोंदीत दोन दंडगुण आणि महिनाभर गाडी चालवण्यास बंदी होते, आणि असे आठ दंडगुण साठले की परवाना जातो. परंतु मी पाहिले त्या दिवशी दंडाचे भय कोणाच्या वागण्यात दिसले नाही. पुढचा ट्रकवाला टायर अगदी कडेच्या पांढऱ्या पट्टीवर जाईपर्यंत सरकला होता, तरी त्याच्या मागच्या बाईंनी आरशात पाहून आपली गाडी आणखी वीतभर आत घेतली. आंबा घाटात चढणाऱ्या गाडीला आधी वाट द्यायला तुम्ही मला शिकवले होते. त्याच विचाराने सगळा रस्ता वागताना पाहिला की मला तुमची फार आठवण येते.

आता नूरबर्गरिंगबद्दल. 1927 साली खुला झालेला तो जुना उत्तर मार्ग 20.8 किलोमीटर लांबीचा असून आयफेलच्या डोंगराळ जंगलातून जातो. 1976 साली फॉर्म्युला वन शर्यतीत निकी लाउडा या चालकाची फेरारी तेथेच पेटली आणि त्यानंतर ती शर्यत त्या मार्गावर परतली नाही, त्यामुळे आईची भीती निराधार आहे असे मी म्हणणार नाही. मात्र ठरलेल्या दिवशी सामान्य लोकांसाठी तो उघडतो तेव्हा तो टोल भरून जाण्याचा एकेरी रस्ता असतो, तेथे वाहतुकीचे नेहमीचे नियम लागू असतात, फेरीची वेळ मोजण्यास मनाई असते आणि कठडा मोडला तर त्याची भरपाई द्यावी लागते. मी तेथे गाडी चालवतो ती उजवीकडे राहून आणि मागच्यांना वाट देत. कारुसेल नावाच्या वळणावर आतल्या बाजूला काँक्रीटचा उतरता पन्हाळ आहे. त्यात डावी चाके उतरली की प्रत्येक सांध्यागणिक स्टिअरिंग हातांत थडथडते आणि टायर कुठे धरतो, कुठे सुटतो, हे तळहातांना कळते. त्यासाठी मोठ्या इंजिनाची गरज नसते. म्हणूनच ‘जर्मनीत राहून जुनी, छोटी गाडी का?’ असे नातेवाइकांनी विचारले तर सांगा की हलकी, हाताने गिअर टाकायची आणि वेळेवर तपासलेली गाडीच चालवणे शिकवते, असे माझे ठाम मत आहे.

येथील 24 तासांची शर्यतही मी याच कारणासाठी पाहतो. जोतिबाच्या यात्रेसारखी माणसे आधीपासून येऊन जंगलात मुक्काम टाकतात, आणि रात्रीच्या धुक्यात सर्वांत वेगवान गाडी नव्हे, तर मेकॅनिकांनी नीट जपलेली गाडी सकाळपर्यंत टिकते.

बाबांच्या डोळ्याच्या शस्त्रक्रियेचे पैसे खात्यात जमा झाले असतील. गच्चीच्या कामाचे मार्चमध्ये पाठवतो, तोवर कोणाकडून उसने घेऊ नका. गाडी रोखीने घेतली आहे, तिच्यावर कर्ज नाही, आणि घरी पाठवण्याच्या रकमेत तिच्यामुळे काही कमी केलेले नाही. काकांनी तुम्हाला दवाखान्यात नेले आणि आणले. गाड्यांचा एवढा नाद असलेल्या मुलाला त्या दिवशी तुमच्यासाठी गाडी काढता आली नाही, ही खंत मनातून जात नाही. तरी डॉक्टरांनी दृष्टी उत्तम आहे म्हटल्याचे ऐकून फार बरे वाटले.

इचलकरंजीच्या स्थळाबद्दल माझी हरकत नाही. मुलीशी आधी फोनवर बोलेन. मात्र माझा नाद आणि ही जुनी गाडी, दोन्ही गोष्टी तिच्या घरी आधीच सांगा. चिऊच्या साखरपुड्याची तारीख शक्यतो डिसेंबरच्या दुसऱ्या पंधरवड्यातली काढा, कारण रजा तेव्हाच मिळेल. ठरली की लगेच कळवा, म्हणजे तिकीट महागण्यापूर्वी काढता येईल. आणि आई, मुंबईहून कोल्हापूरला रात्री मी स्वतः गाडी चालवणार नाही, ड्रायव्हर घेईन.

तुमचा,
सागर