शहरी अधिवासांचे संवर्धन : सहभाग नियोजनापासून हवा

मा. संपादक,
स. न. वि. वि.

शहरांतील तळी, नदीकाठ, टेकड्या आणि माळराने या अधिवासांच्या, म्हणजे वनस्पती-प्राण्यांच्या नैसर्गिक वसतिस्थानांच्या संवर्धनात लोकसहभाग हवा, याबद्दल आता फारसे दुमत उरलेले नाही. तो सहभाग नेमका कशात असावा, याची चर्चा मात्र क्वचितच होते. बहुतेक प्रकल्पांत नागरिकांना आमंत्रण मिळते ते खड्डे खणून आणि रोपे आणून झाल्यावर. काठ कोठे बांधून काढायचा, दिवे कोठे लावायचे, कोणती झाडे आणायची आणि निधी कशावर खर्च करायचा, हे सारे त्याआधीच ठरलेले असते. श्रमदानाला माझा विरोध नाही; परंतु ज्यांना निर्णयात स्थान नाही, त्यांना भागीदार म्हणू नये.

हा केवळ मानपानाचा प्रश्न नाही, कारण अधिवासाचे भलेबुरे याच आधीच्या निर्णयांत ठरून जाते. तळ्याचा उथळ, चिखलाचा, पाणवनस्पतींनी भरलेला काठ दिसायला ओबडधोबड असला, तरी बेडकांची अंडी, चतुरांच्या अळ्या आणि पाणथळ पक्ष्यांचे खाद्य तेथेच असते. सुशोभीकरणाच्या नावाखाली तेथे उभी दगडी भिंत बांधली की पाणी तेवढेच राहते, पण त्यावर जगणारे बरेच काही नाहीसे होते. गवताळ माळावर दाट झाडी लावल्यास जमिनीवर घरटी करणाऱ्या चंडोल आणि टिटवीला जागा उरत नाही. (ज्यांच्या नावाने अशी दाट लागवड सर्रास केली जाते, त्या जपानी वनस्पतिशास्त्रज्ञ अकिरा मियावाकी यांचा भर त्या जागेवर मुळात कोणते वन असू शकते, याच्या अभ्यासावर होता, आपण बहुधा त्यातली दाटी तेवढी उचलली.) या गोष्टी रोज तेथे वावरणारे पक्षीनिरीक्षक, मासेमार आणि गुराखी सांगू शकतात, पण त्यांना विचारायचे असेल, तर निविदा निघण्यापूर्वी विचारावे लागेल.

सिडनीतील जोन आणि आयलीन ब्रॅडली या बहिणींनी १९६०च्या दशकात आपल्या परिसरातील झाडोऱ्यात हाताने तण काढता काढता एक पद्धत बसवली. सुस्थितीतील भागापासून सुरुवात करून तणाने ग्रासलेल्या भागाकडे सरकायचे, माती कमीत कमी हलवायची आणि मूळच्या वनस्पती ज्या वेगाने परततील त्याच वेगाने पुढे जायचे, अशी तिची तीन सूत्रे आहेत. आपल्याला परिचित असलेली घाणेरी तेथेही उपद्रवी तण ठरली आहे. ती सरसकट एकदम उपटली, तर उघड्या पडलेल्या मातीत नवे तण माजते आणि तिच्या जाळीत लपणाऱ्या लहान पक्ष्यांचा आसराही जातो. हे काम कोणत्याही आर्थिक वर्षात बसत नाही आणि कंत्राटदाराच्या देयकात मावत नाही. ते जवळ राहणारी, वर्षानुवर्षे येत राहणारी माणसेच करू शकतात. लोकसहभागाचे खरे कारण मला यात दिसते. फुकट मिळणारे मनुष्यबळ हे त्याचे कारण असू नये.

कालावधीचा अंदाज यावा म्हणून न्यूयॉर्कच्या ब्रॉन्क्स नदीचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. भंगार आणि कचऱ्याने भरलेल्या या नदीच्या सफाईला स्थानिक रहिवाशांनी १९७०च्या दशकात हात घातला. शहराच्या उद्यान विभागासोबत काम करणारी ‘ब्रॉन्क्स रिव्हर अलायन्स’ ही संस्था २००१ मध्ये स्थापन झाली. आणि २००७ मध्ये त्या नदीत बीव्हर हा पाण्याकाठी राहणारा कुरतडणारा प्राणी दिसला, जो त्या शहरात सुमारे दोनशे वर्षांत दिसला नव्हता. गुरुग्राममध्येही खाणकामाने उजाड झालेल्या जमिनीवर नागरिकांच्या गटाने महापालिकेच्या साथीने अरवलीतील स्थानिक वनस्पती वाढवून जैवविविधता उद्यान उभे केले आहे.

म्हणूनच अशी भागीदारी लेखी आणि किमान दहा वर्षांची असावी, असे मला वाटते. देखभालीचा निधी लागवडीच्या निधीइतक्याच स्पष्टपणे त्यात नमूद व्हावा, आराखडा बदलायचा असल्यास स्थानिक समितीची संमती बंधनकारक असावी आणि पक्षी, फुलपाखरे, वनस्पती यांच्या नियमित नोंदी सर्वांना पाहता याव्यात. समितीच्या रचनेबाबत एक सावधगिरी मात्र हवी. आसपासच्या सुस्थितीतील वसाहतींनीच ती ताब्यात घेतली, तर फाटकाला कुलूप लागते आणि चारा कापणारे, मासे पकडणारे लोक अतिक्रमक ठरतात. ज्यांचे पोट त्या जागेवर अवलंबून आहे, त्यांचे प्रतिनिधी समितीत असलेच पाहिजेत.

आपल्या वृत्तपत्रालाही एक विनंती आहे. वृक्षारोपणाचे छायाचित्र छापताना त्या जागेच्या देखभालीची जबाबदारी कोणाकडे आहे, हेही विचारून छापावे आणि तीन वर्षांनी त्याच जागेवर पुन्हा वार्ताहर पाठवावा.

आपला,
एक नियमित वाचक