चिपचा वेग पुरेसा नसतो

संगणकाच्या चिपनिर्मितीतील चुरशीवरचा आपल्या अंकातील लेख वाचला. ज्याची चिप वेगवान त्याच्याकडे संगणक उत्पादक आपसूक वळतात, हे त्यातील विधान पटले नाही.

इंटेलची स्पर्धक चिप कंपनी एएमडीने एप्रिल २००३ मध्ये ऑप्टेरॉन ही ६४ बिटची (एका वेळी ६४ अंकी द्विमान माहिती हाताळणारी) प्रोसेसर चिप, म्हणजे संगणकाचा मेंदू, आणली. जुनी ३२ बिटची सॉफ्टवेअरही तिच्यावर उत्तम चालत. तरीही संगणक उत्पादक डेलने ती स्वीकारल्याचे जाहीर केले ते थेट २००६ मध्ये! उत्पादकाच्या लेखी दुसऱ्या कंपनीची चिप घेणे म्हणजे मदरबोर्ड, अर्थात सगळे भाग जोडणारा मुख्य बोर्ड, नव्याने आखणे. चिप बसवायची खाच म्हणजे सॉकेट बदलते, वीज नियंत्रित करणारे सर्किट बदलते, संगणक सुरू करणारी बोर्डावरची मूळ आज्ञावली म्हणजे बायोस बदलतो. प्रोसेसर आणि मेमरी यांच्यामधल्या तांब्याच्या रेषा बोर्डावर नागमोडी दिसतात, त्या शोभेसाठी नसतात. एका गटातील रेषांची लांबी जुळली नाही, तर संकेत मागेपुढे पोहोचतात आणि मेमरी पूर्ण वेगावर चुका करू लागते. असा दोष कधी कधी यंत्र तापल्यावरच उघड होतो, म्हणून चाचण्यांना वेळ लागतो.

एवढे करून पुरवठा आटला तर सगळे मुसळ केरात. म्हणूनच आयबीएमने १९८१ च्या पीसीसाठी इंटेलची ८०८८ चिप निवडताना दुसऱ्या पुरवठादाराचा आग्रह धरला होता. नव्या चिप कंपन्यांनी वेगाच्या आकड्यांआधी बोर्डाचा तयार आराखडा, तपासलेला बायोस आणि पुरवठ्याची लेखी हमी उत्पादकांपुढे ठेवावी.