नवरात्राची भांडी पोरांच्या हातात द्या

मा. संपादक,
स. न. वि. वि.

नवरात्र तोंडावर आलं की आमच्या दुकानात नवी भांडी घेणाऱ्यांपेक्षा जुनी चमकवून मागणारेच जास्त येतात. बेळगावच्या शहापुरात माझं तांब्या-पितळेचं दुकान आहे, वडिलांच्या वेळेपासूनचं. समई, ताम्हन, कळशी पिशवीतून काढतात आणि विचारतात, “मामा, अ‍ॅसिडमध्ये बुडवून देता काय?” मी नाही म्हणतो. मग कुणी घरीच संडासाचं अ‍ॅसिड ओतून बघतं आणि ती समई तांबूस, खरबरीत होऊन परत माझ्यासमोर येते. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. अ‍ॅसिड त्यातलं जस्त आधी खातं आणि वर तांब्याचे डाग राहतात. त्यावर माझ्याकडे इलाज नाही.

समई गेली तर दुसरी मिळेल, विकायला मी बसलोच आहे. मला काळजी वाटते ती त्या बाटलीची. गल्लीत सुटं फिनेल आणि अ‍ॅसिड विकायला येतं, तेव्हा आपण ते कशात भरून घेतो? थंड पेयाच्या रिकाम्या बाटलीत. आणि ठेवतो कुठे, तर मोरीच्या कोपऱ्यात, लहान पोराच्या बरोबर हाताशी. चार वर्षांच्या पोराला ती सरबताचीच बाटली. चुकून घोट गेलाच, तर उलटी काढायच्या भानगडीत पडू नये; जाताना जे घशाला भाजतं, ते येताना पुन्हा भाजतं. पोराला आणि बाटलीलाही घेऊन सरळ दवाखाना गाठायचा. दुसरं म्हणजे, जास्त स्वच्छ व्हावं म्हणून ब्लीचिंग पावडरवर अ‍ॅसिड ओतणारी घरंही मला माहीत आहेत. त्यातून क्लोरीन वायू निघतो आणि बंद मोरीत मोठा माणूससुद्धा गुदमरतो.

या भीतीपोटी सणाची साफसफाई निघाली की पोरांना बाहेर पिटाळतात. त्यापेक्षा ती बाटली पिटाळा आणि पोरांना आत घ्या, एवढंच मला या पत्रातून सांगायचं आहे. वेळही बरी आहे. आपल्या इकडच्या, कर्नाटकातल्या शाळांना दसऱ्याची सुट्टी. महाराष्ट्रातल्या, चंदगड-कोल्हापूरच्या मामेभावंडांना सुट्टी दिवाळीत. खेळायला कुणी येत नाही, मग मोबाईल.

आमच्या घरी देवाची भांडी आता नातवंडांकडे आहेत. नात दुसरीत, नातू सातवीत. भांडी काढून देण्यापलीकडे मी काही करत नाही, हे माझं मत. सूनबाईंच्या मते मी फार बोलतो.

पहिलं काम तेल काढण्याचं, आणि लोक नेमकं तेच विसरतात. समईवर वर्षाचं तेल आणि काजळी चिकटलेली असते. त्या मेणचटावर चिंच चोळून काही होत नाही. आधी कोरडं डाळीचं पीठ लावून चिंधीनं पुसून घ्यायचं, मग रिठ्याच्या पाण्यानं धुवायचं. रिठ्याच्या सालीतच फेस असतो. बिया काढून साली रात्री भिजवायच्या, सकाळी मोठ्या माणसानं उकळून, गाळून, निववून द्यायच्या. शालू-पैठणी धुवायला आणि सोनाराकडे दागिने उजळायला हेच पाणी वापरत आलेत. काळ्या बिया नात खेळायला घेते. एक मात्र सांगून ठेवावं, हे पाणी डोळ्यात गेलं तर चांगलंच झोंबतं. आणि दोन-तीन दिवसांत त्याला वास येतो, म्हणून लागेल तेवढंच करावं.

मग चिंच. लिंबाएवढी चिंच कोमट पाण्यात कोळायची, चिमूटभर मीठ घालायचं आणि नारळाच्या सोडणानं घासायचं. खानापूरच्या जंगलपट्टीत सारात वापरून उरलेली आमसुलं घेतात, तीही तांब्याला उत्तम. काळं तांबं पोरांच्या डोळ्यांदेखत गुलाबी होतं आणि “आजोबा, हे बघा!” अशी हाक येते. कुठलाही मोबाईल इतक्या लवकर बक्षीस देत नाही. पण चिंचेचा कोळ लावून भांडं तसंच ठेवायचं नाही. लगेच भरपूर पाण्यानं धुवून, सुती फडक्यानं कोरडं करून उन्हात ठेवायचं; ओलं राहिलं तर त्यावर पुन्हा डाग धरतात. आणि हाताला कापलं-खरचटलं असेल त्याला हे काम देऊ नये, मीठ आणि चिंच दोन्ही चरचरतात. त्याला पुसायला बसवा.

चिंचेनं काहीच फरक पडला नाही तर मुलांना रागावू नका. हल्लीच्या शोभेच्या पितळी वस्तूंवर चकाकी टिकावी म्हणून पारदर्शक लेप असतो. लेपाखाली चिंच पोचत नाही. त्या वस्तू नुसत्या ओल्या फडक्यानं पुसाव्यात.

आता मुलगे. “पोराला काय भांडी घासायला लावता?” असं मला दुकानात ऐकवणारे आहेत. हेच पोरगे दिवाळीत किल्ला करताना माती चाळतात, बादल्या वाहतात, कोपरापर्यंत चिखल कालवतात, आळीव पेरून रोज पाणी घालतात. बेळगावात किल्ल्यासाठी राबणाऱ्या पोराला कुणी आळशी म्हणेल काय? अंगात काम आहे, ते कोण काय म्हणेल म्हणून अडतं. आमचा नातू आता समईचे भाग सुटे करून, घासून, पुन्हा जोडतो. नातीपेक्षा जास्त पाणी सांडतो, ते वेगळं.

घरगुती म्हणजे सगळीकडे चालतं असंही नाही. आपल्याकडे जुन्या घरांत शहाबादी फरशी आणि ओट्याला कडप्पा. दोन्ही चुनखडीचे दगड. त्यांच्यावर लिंबू किंवा व्हिनेगर पडलं की तिथला तुळतुळीतपणा जातो, पांढुरका डाग बसतो, आणि तो पुसून निघत नाही कारण दगडच खाल्लेला असतो. म्हणून चिंच-लिंबाचं काम अंगणात किंवा मोरीत, परातीत बसून. अ‍ॅल्युमिनियमच्या पातेल्याला सोडा लावू नये, काळं पडतं. सोडा आणि व्हिनेगर एकत्र करून फसफस बघायला मुलांना आवडतं, बघू द्या. पण आंबट आणि सोडा एकमेकांचा जोर मारतात आणि घासायला जवळजवळ नुसतं पाणी उरतं. सोडा लावायचाच तर एकटा, स्टीलच्या गाळणीला, चहाच्या डागांना. खिडकीच्या काचांना पाण्यात थोडं व्हिनेगर आणि पुसायला जुनं वर्तमानपत्र. संपादकसाहेब, राग मानू नका, आमच्याकडे तुमचा अंक आधी शेवटच्या पानापर्यंत वाचला जातो.

कापूर आणि निलगिरीचं तेल मात्र मुलांच्या हातात अजिबात नको. झाडापासून येतात म्हणून लोक निर्धास्त असतात, पण पोटात गेले तर लहान मुलाला झटके येऊ शकतात. कापराची वडी दिसते खडीसाखरेसारखी, आणि देवघरात ती प्रसादाच्या शेजारीच असते. संडासही मुलांकडे देऊ नये. चिंच-रिठ्यानं डाग जातात, जंतू मरतात असा माझा दावा नाही. घरात कुणी आजारी असेल तर तिथली सफाई मोठ्यांनी, डॉक्टर सांगतील तशी करावी.

सुटं फिनेल विकणाऱ्यांनी थंड पेयाच्या बाटलीत माल भरून देऊ नये आणि गिऱ्हाइकानं ती बाटली पुढे करू नये, यासाठी आपल्या दैनिकानं सणाच्या आठवड्यात चार ओळी छापल्या तर बरं होईल. आणि ज्यांना यंदा करून बघायचं आहे त्यांनी रिठे घटस्थापनेच्या आधीच आणून ठेवावेत. रविवार पेठेत मिळतात. फोडलेले, बिनबियांचे मागा. आख्ख्या रिठ्यात अर्धं वजन बियांचंच जातं.

आपला,
एक भांडेवाला
शहापूर, बेळगाव