हातातला मोबाइल दिसतो, समोरचा पडदा दिसत नाही

संपादक महोदय,

धावत्या वाहनात चित्रफिती पाहणाऱ्या चालकांविषयीची आपली कालची बातमी वाचली. तिचा सारा रोख हातातल्या मोबाइलवर आहे. डॅशबोर्डवर कायमच्या बसवलेल्या पडद्याविषयी एक ओळही नाही, याचे वाईट वाटले.

गेल्या महिन्यात रात्री आम्ही पतिपत्नी वाशीहून ठाण्याला भाड्याच्या मोटारीने येत होतो. ठाणे-बेलापूर रस्त्याला लागताच चालकाने समोरच्या पडद्यावर क्रिकेटचा सामना लावला. ताशी 60 किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ 17 मीटर पुढे जाते, म्हणजे धावफलक वाचायला दोन सेकंद नजर वळली की 33 मीटर रस्ता न पाहताच मागे पडतो. बंद करा म्हटले, तर ‘‘काका, मी नुसतं ऐकतोय’’ असे उत्तर मिळाले. ऐरोलीजवळ पुढचा टेम्पो अचानक थांबला, आमची गाडी त्याच्यापासून हातभर अंतरावर कशीबशी थांबली आणि पत्नीचे कपाळ पुढच्या सीटवर आपटले. सामना त्यानंतरही चालूच होता.

उतरताना त्याला खडसावले, तेव्हा कळले की दुकानदारानेच ‘वायर मारून’ दिली आहे. हँडब्रेक ओढलेला असेल तरच चित्र दिसावे, यासाठी अशा पडद्यांना एक वायर दिलेली असते. ती हँडब्रेकला न जोडता थेट बॉडीला जोडली की गाडी धावत असतानाही ती उभीच आहे, असे यंत्राला वाटते. पाच मिनिटांचे काम, आणि तेही न मागता करून मिळते.

मोटार वाहन कायद्याच्या कलम 184 मध्ये 2019 साली हातात धरलेल्या संपर्क साधनाचा उल्लेख आला खरा, पण सावध चालकाकडून अपेक्षित असलेल्या पातळीच्या फार खाली जाऊन वाहन हाकणे हेही त्याच कलमात धोकादायक ठरवलेले आहे. पहिल्या गुन्ह्याला 1,000 ते 5,000 रुपये दंड किंवा सहा महिने ते एक वर्ष कैद, किंवा दोन्ही होऊ शकते. तेव्हा पडदा हातात नव्हता ही सबब टिकण्याचे कारण नाही. तरीही नाक्यावर कागदपत्रे तपासली जातात, काचेआड चाललेला सामना कोणी पाहत नाही.

जाता जाता आणखी एक. कालच्याच अंकात, त्या बातमीच्या मागल्या पानावर, ‘गाडी चालवताना चित्रपटाचा आनंद घ्या’ अशी एका दुकानाची जाहिरात आहे. ती पुन्हा छापण्यापूर्वी, ती वायर कुठे जोडणार, एवढे त्या दुकानदाराला आपण विचारावे, ही कळकळीची विनंती.

आपला,
एक वाचक, ठाणे (पश्चिम)